सव्वातीन फुटांचा बोळ

"काकू, जरा मागच्या दारी येता का? गाडी अडकलीय."

नगराध्यक्ष स्वतः आमच्या पुढच्या दारात उभे होते. सकाळचे सात वाजायचे होते. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, डोक्यावर काळी टोपी, हातात लोखंडी टेप. मी देवासमोरची वात सारखी करून तशीच मागं गेले.

मागच्या दारी आमचा काळ्या दगडाचा ओटा आणि ओट्यापुढं बोळ. घराघरांतल्या संडासांचा मैला ह्याच बोळातून डोक्यावरच्या टोपल्यांनी बाहेर जायचा. आज तिथं नगरपालिकेची नवी हातगाडी होती, हिरव्या रंगाची, वर झाकणाचं पिंप. पिंपाचं नाक ओटा आणि समोरची भिंत ह्यांच्यामध्ये शिरून बसलं होतं आणि चाकं अलीकडंच राहिली होती. दांडी धरून जिवी उभी होती. आमच्या आळीचं काम तिच्याकडं होतं.

"मागं घे की गं," मी म्हटलं.

"मागंच घ्यायचीय," अण्णासाहेब म्हणाले. "पुढं कुठं जाणार? गाडी पावणेतीन फूट. तुमच्या ओट्यापाशी बोळ सव्वादोन." टेप त्यांनी माझ्यासमोर पुन्हा एकदा ताणून धरला, जसा काही माझा विश्वास बसणार नव्हता. "एक फूट दगड काढावा लागेल, काकू."

भूपाल मगदूम हे त्यांचं नाव. गुळाची अडत होती. संस्थान विलीन झालं त्या वर्षी ते करंजगड नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि आठ वर्षं होते. गावाला नळ त्यांनी आणला, पेठेत दिवे लावले, मुलींची शाळा धर्मशाळेतून काढून स्वतःच्या इमारतीत नेली. सायकलवरून गावभर फिरत आणि दिसेल ते मोजत. लोक म्हणायचे, हा माणूस लग्नातला अंतरपाटसुद्धा मोजून धरील.

"अण्णासाहेब, उत्सव चाललाय," मी म्हटलं. "बुवा उतरलेत आमच्याकडं. ह्याच ओट्यावर त्यांची अंघोळ-संध्या होते. नवमी होऊ द्या, मग बघू."

"नवमीला मी अध्यक्ष असेन का नाही, कुणाला ठाऊक? परवा सभा आहे."

ते मला चांगलंच ठाऊक होतं. मी बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली सभासद होते. आमच्या ह्यांची, श्रीपादराव सखदेवांची, वकिली चांगली चालायची, आळीत घराला मान होता, म्हणून मला उभं केलं होतं. सभेला मी कापूस घेऊन जायची आणि वाती वळत बसायची. हे सांगतील तेव्हा हात वर करायचा, एवढंच माझं राजकारण. पण परवाच्या सभेत अण्णासाहेबांवर अविश्वासाचा ठराव होता. एकोणीस सभासदांत नऊ ठरावाच्या बाजूनं, नऊ विरुद्ध, त्यात अण्णासाहेब स्वतः. एकोणिसावी मी.

"मत मागायला आलात होय?" मी विचारलं.

"मत तुमचं आहे. कुणालाही द्या. मला दगड द्या." मग टेप गुंडाळत ते हळू आवाजात म्हणाले, "पावसाळ्यात टोपलं गळतं, काकू. सगळं तोंडावरून येतं. मी बघितलंय. दोन महिन्यांत पाऊस आला."

जिवी खाली बघत होती. तिनं गाडी मागं ओढली, भिंतीशी ठेवली आणि पालथं घातलेलं टोपलं उचललं.

त्याच दुपारी उपाध्यक्ष रामचंद्रराव इनामदार आमच्याकडं चहाला आले. ह्यांचे ते शाळेपासूनचे स्नेही. माजघरात नागेशबुवा अथणीकर झांजेची दोरी बदलत बसले होते. बुवा दर वर्षी पाडव्याला यायचे आणि नवमीपर्यंत राममंदिरात त्यांचं रोज कीर्तन व्हायचं. त्यांचा उतारा आमच्या घरी असण्याचा मान माझ्या सासऱ्यांपासूनचा. ते नऊ दिवस मला वर्षभर पुरायचे. मी भांडी घासताना, निवडताना, पाटावरवंट्याशी बसले की त्यांचीच पदं म्हणत असे.

"सहा गाड्या!" रामचंद्रराव बशीत चहा ओतत म्हणाले. "सहाही वाया. मोजमाप धड करता येत नाही आणि चाललेत सुधारणा करायला. श्रीपाद, वहिनींना सांगितलंस ना?"

"तिला काय सांगायचंय? करेल बरोबर," हे म्हणाले.

"बुवा, आपल्याकडूनही एक उपकार हवाय. आज कीर्तनात एक वाक्य टाका. नाव घ्यायचं नाही. माप चुकलेल्या राजाची गोष्ट सांगा कुठली तरी. लोक समजायचं ते समजतील."

बुवांनी दोरीला गाठ मारली, दातांनी घट्ट केली.

"रामचंद्रराव, मी नारदाच्या गादीवर उभा राहिलो की माझे सख्खे वडीलसुद्धा मला वाकून नमस्कार करतात. तो मला असतो का?"

"नाही, तो त्या जागेला."

"मग ती जागा मी तुम्हाला कशी उसनी देऊ?" बुवा हसले. "आज तुम्हाला एक वाक्य दिलं तर उद्या मगदूम दोन मागतील. ते व्यापारी आहेत, त्यांना घासाघीस येते. माई, चहात आलं मात्र झकास पडलंय."

रामचंद्ररावही हसले, पण बशी अर्धी ठेवून उठले.

त्या संध्याकाळचं कीर्तन मला अजून जसंच्या तसं आठवतं. बुवा उभे राहिले, उपरणं सारखं केलं, झांजेचा पहिला ठोका पडला आणि मागच्या पेटीवाल्यानं सूर दिला की माझ्या पाठीतून काहीतरी सरकत जायचं. बुवांनी त्या दिवशी त्यांचं स्वतःचं पद धरलं होतं. "पायापाशी ठाव दे, हरी, पायापाशी ठाव दे." एवढंच पालुपद, पण ते त्यांनी वीस तऱ्हांनी म्हटलं. हट्टानं म्हटलं, लाडानं म्हटलं, एकदा नुसतं ओठांनी म्हटलं. सगळं देऊळ मागं म्हणत होतं. अण्णासाहेब जैन, पण अध्यक्ष म्हणून दर वर्षी यायचे आणि आले की शेवटपर्यंत बसायचे. तेही खांबाला टेकून मान हलवत होते आणि चार हातांवर रामचंद्ररावही टाळ्या देत होते. परवा एकमेकांविरुद्ध हात वर करणारी माणसं आज एका तालावर टाळी देतायत, हे बघून मला फार बरं वाटलं.

देवळाच्या मागं, विहिरीपलीकडं चिंचेखाली जिवीची माणसं बसायची. आत यायला आता कायद्यानं बंदी नव्हती. पण कायदा आला म्हणून ती आली नव्हती आणि आम्हीही या म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी षष्ठी. सकाळी बुवा ओट्यावर अंघोळ करून ओल्या पंचानं संध्या करत होते. मी दारात धूत वस्त्र घेऊन उभी होते. बोळाच्या तोंडाकडून गुणगुण ऐकू आली. "पायापाशी ठाव दे..." जिवी येत होती. डोक्यावर टोपलं, एक हात टोपल्याला. बुवांना पाहिलं आणि ती गप्प झाली, थांबली. ओटा आणि भिंत ह्यांच्यातल्या सव्वादोन फुटांतून बुवांना न शिवता जायचं कसं? ती चार पावलं मागं सरली आणि भिंतीशी उभी राहिली.

बुवांचे डोळे मिटलेले होते. संध्या सावकाश चालली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रोजचंच होतं. पाडव्यापासून ती अशीच थांबत होती.

बुवांनी डोळे उघडले आणि त्यांना ती दिसली.

"किती वेळ उभी आहे ती?"

"असेल थोडा वेळ. तुमचं होऊ द्या सावकाश."

"डोक्यावर घेऊन?"

बुवा तसेच ओलेते दारातून आत, माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. "ये गं बाई, जा तू," त्यांनी हाक मारली. जिवी अंग चोरून पुढं आली. टोपल्याचा काठ भिंतीला घासला, टोपलं कललं आणि थोडं ओट्याच्या दगडावर सांडलं. ती घाबरली. "पुसते, बाई, आत्ता पुसते," म्हणत टोपलं खाली ठेवून कमरेच्या पुरचुंडीतली राख टाकायला लागली. बुवा बाहेर गेले आणि घंगाळात उरलेलं पाणी त्यांनी स्वतः दगडावर ओतलं.

"तू जा. झालं साफ."

ती गेल्यावर ते दगडाकडंच बघत राहिले. त्यावर टाकीचे घाव अजून पांढरे होते.

"माई, गेल्या वर्षी मी अंघोळ कुठं करत होतो?"

"बोळातच. फळी टाकून."

"तेव्हाही ही यायची. मी भिंतीकडं सरायचो, ही जायची. एका श्वासाचं काम." त्यांनी दगडाकडं बोट केलं. "हा पुढचा दगड कधी बसवलात?"

"दिवाळीत. तुमच्यासाठीच, बुवा. सोवळ्यात तुमचे पाय गटाराला लागू नयेत म्हणून."

"मी मागितला होता?"

एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातलं धूत वस्त्र घेऊन आत गेले. रागावले नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

दिवाळीत. आणि अण्णासाहेब टेप घेऊन आले होते ते श्रावणात. ओव्हरसियर वही घेऊन बरोबर होता. मीच दोघांना ताक दिलं होतं. "सव्वातीन फूट," अण्णासाहेब मोठ्यानं म्हणाले होते आणि ओव्हरसियरनं लिहून घेतलं होतं. त्या मापानं गाड्या सांगितल्या. दिवाळीत मी बोळात फूटभर दगड पुढं घेतला. सभासदबाईंनी घेतला म्हटल्यावर संक्रांतीपर्यंत बोळातल्या आणखी पाच घरांनी घेतला. अण्णासाहेबांचं माप चुकलं नव्हतं. बोळच नंतर अरुंद झाला होता, आणि त्याची सुरुवात माझ्या दारातून झाली होती. ह्या गोष्टी मी त्याआधी जुळवल्याच नव्हत्या असं म्हटलं तर ते खोटं होईल. जुळवल्या होत्या आणि जुळवून बाजूला ठेवल्या होत्या.

जेवणं आटोपल्यावर मी एकटीच अडतीत गेले. बाईमाणूस अडतीत आलेलं पाहून हमाल गुळाचे रवे खांद्यावर तसेच धरून उभे राहिले. अण्णासाहेबांनी त्यांना हातानं बाहेर घालवलं.

"अण्णासाहेब, तुमचं माप बरोबर होतं."

"ठाऊक आहे, काकू. टेप माझाच होता."

"मग गावभर तुम्हाला वेडं ठरवतायत, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमचं मत पाहिजे होतं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "खोटं कशाला बोलू? तुमचं नाव घेतलं असतं तर मत गेलं असतं. आणि पुढच्या खेपेला बायकांच्या जागेवर कुठल्या घरानं बाई उभी केली असती?"

"उद्या सभेत मी सांगते."

"अजिबात सांगायचं नाही!" ते एकदम सरळ बसले. "नीट ऐका. ज्या सभासदाच्या स्वतःच्या घरादाराचा संबंध असेल त्याला त्या ठरावावर मत देता येत नाही, असा नियम आहे. ओटा तुमचा निघाला की तुमचं मत बाद. मग नऊ विरुद्ध नऊ. ठराव माझ्यावर म्हणजे सभा चालवणार उपाध्यक्ष. बरोबरी झाली की जादा मत कुणाचं? इनामदारांचंच. कळलं? तुम्ही गप्प बसा, वाती वळा आणि ठरावाला विरोध म्हणून हात वर करा. ठराव पडतो. दगडाचं मी बघतो नंतर."

"आणि चूक तुमच्या नावावर राहील ती?"

"राहू दे की. माझ्या नावावर काय काय आहे. पावसाच्या आत गाड्या चालल्या म्हणजे झालं."

मी कबूल केलं. खरोखर कबूल केलं. घरी येताना माझं मन हलकं झालं होतं. ह्यांना न सांगता अण्णासाहेबांना मत द्यायचं एवढं धाडस पुरेसं आहे, असं मला वाटलं.

सप्तमीला तीन वाजता सभा भरली. मी कापूस काढला. लोक बसायच्या बाकांवर हे आणि आळीतले सगळे होते. ज्यांनी दगड पुढं घेतले ती पाचही घरं होती. रामचंद्ररावांनी ठराव वाचला. अध्यक्षांनी मोजमाप न करता सहा गाड्या मागवल्या, सबब सभेचा त्यांच्यावर विश्वास नाही आणि गाड्या परत कराव्यात.

"अध्यक्षमहाराजांना काही सांगायचंय?"

अण्णासाहेब उठले. "मी मोजलं होतं. सव्वातीन फूट होतं. आता तेवढं भरत नाही. चूक असेल तर माझी."

"सव्वातीन होतं आणि आता सव्वादोन!" रामचंद्रराव बाकांकडं वळले. "म्हणजे बोळ आटला की काय उन्हाळ्यानं?"

सगळे हसले. ती पाच घरंही हसली. आमचे हेही हसले.

"बरं, मोजताना कुणी पाहिलं का? आहे कुणी साक्षीदार?"

अण्णासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण मान किंचित हलवली. नको म्हणून. माझ्या बोटांत अर्धी वळलेली वात होती. ती पुढं वळेना. मागं कुणीतरी अजून हसत होतं.

मी उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"मी पाहिलंय," मी म्हणाले. "बोळ सव्वातीन फूटच होता. अण्णासाहेबांनी श्रावणात माझ्या दारात मोजला. मी दिवाळीत दगड पुढं घेतला. माझं बघून बाकीच्यांनी घेतला. गाड्या बरोबर आहेत."

हसणं थांबलं. ह्यांच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही. अण्णासाहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

रामचंद्रराव काही वेळ टेबलावरच्या पुस्तकाची पानं चाळत राहिले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनींनी सांगितलं हे फार चांगलं केलं. पण ओटा त्यांचाच असल्यामुळं त्यांना आता ह्या ठरावावर मत देता येणार नाही. कारकून, लिहून घ्या."

हात वर झाले. नऊ. खाली आले. पुन्हा वर झाले. नऊ. रामचंद्ररावांनी आपलं जादा मत दिलं आणि अण्णासाहेब अध्यक्ष राहिले नाहीत. मात्र गाड्या परत करा हे वाक्य त्यांनी स्वतःच खोडलं. गाड्या बरोबर आहेत असं भर सभेत सांगितल्यावर त्या परत करणार कशा?

अण्णासाहेबांनी घंटा आणि कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, टेप खिशात घातला आणि बाहेर पडले. मी पायरीवर त्यांना गाठलं.

"माझ्यामुळं झालं."

"तुम्हाला सांगितलं होतं गप्प बसा म्हणून," ते म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. मग दोन पायऱ्या उतरून थांबले. "उद्या सकाळी माणसं पाठवू?"

"नको. आमचं आम्ही काढतो."

अष्टमीला सकाळी मी पहार घेतली. पहिला घाव मीच घातला आणि तो दगडाऐवजी उंबऱ्याला लागला. हे कालपासून माझ्याशी बोलले नव्हते. ते मागच्या दारात आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "नीट धर. पायावर पडेल." मग त्यांनी माझ्या हातातून पहार घेतली. बुवांनी दगड ओढायला हात लावला. पहारेचा आवाज बोळभर जात होता. एकेक मागचं दार उघडत होतं आणि बंद होत होतं. दुपारी दुसरीकडं पहार वाजली. संध्याकाळपर्यंत तीन आणि नवमीला जन्माच्या वेळेआधी पाचही दगड निघाले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

नवमीला नवे अध्यक्ष इनामदार ह्यांनी गाड्यांना हार घातले आणि फोटो काढून घेतला. तो नगरपालिकेत बरीच वर्षं होता. अण्णासाहेब गर्दीत मागं उभे होते. मी प्रसाद द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "मी अध्यक्ष राहून पाडला असता, तर मगदूमनं सखदेवांचा ओटा पाडला म्हणून गावात दोन तट पडले असते, काकू. बाकीचे पाच काढायला मला पाच वर्षं लागली असती. हे दोन दिवसांत झालं." प्रसाद तोंडात टाकून त्यांनी जरा विचार केला. "तरी तुम्ही गप्प बसायला पाहिजे होतं."

ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. मीही राहिले नाही. टेप मात्र त्यांच्या खिशात शेवटपर्यंत असायचा.

पुढच्या वर्षी पाडव्याला बुवा आले. सकाळी बोळात फळी टाकून अंघोळ करत होते. जिवी गाडी ढकलत आली. बुवा भिंतीकडं सरले. गाडी गेली, दोन्ही अंगांनी थोडीशी जागा ठेवून. चार पावलं पुढं जाऊन थांबली.

"बुवा," जिवी मागं न बघता म्हणाली, "पायापाशी ठाव दे, त्याच्या पुढं काय हाय? चिंचेखाली तेवढंच ऐकू येतं."

बुवांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. पायाखाली फळी, फळीखाली गटार. त्यांनी घसा साफ केला, टाळ नव्हते म्हणून ओल्या हातांची टाळी धरली.

"मान नको, आसन नको, नामापुरता भाव दे..."

जिवीनं दांडी खाली ठेवली आणि ती वळली. मी दारात धूत वस्त्र घेऊन उभी होते. बुवांनी ती ओळ तिला तीनदा म्हणून दाखवली. चौथ्यांदा तिनं म्हटली.

"संध्याकाळी देवळात ये," मी म्हणाले. "तिथं सगळं ऐकू येतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बसू कुठं, बाई?"

"माझ्याशेजारी," मी म्हटलं.